उजवा गाल

"हे पिकून राहिलं बे," मोतीराम म्हणाला, आणि त्यानं ती बोटाएवढी काचेची बाटली उन्हात धरली.

सकाळची सौंसर गाडी पांढुर्ण्याच्या स्टँडवर अर्धी भरली होती. कंडक्टर मोतीराम आणि ड्रायव्हर गुणवंता दाराशी उभे राहून त्या बाटलीकडे इतक्या गंभीरपणे बघत होते, की सवाऱ्यांना वाटावं इंजिनातच काही बिघाड निघाला. बाटली घरी आली तेव्हा आतलं औषध पाण्यासारखं होतं. डॅशबोर्डवर मारुतीच्या तसबिरीला टेकून काही आठवडे ऊन खाल्ल्यावर ते आता पिवळं झालं होतं.

गुणवंताच्या मनात पाल चुकचुकली होती, म्हणून तर त्यानं ती मोतीरामला दाखवली. मोतीरामची तिगावला संत्र्याची बाग होती. कंडक्टरकी तो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, फक्त चार माणसांशी बोलायला मिळतं म्हणून करायचा. त्यानं विचारलं, हे औषध कशाचं. गुणवंता म्हणाला, व्हिटॅमिन सी. संत्र्यात असते तेच, असं पोरगी सांगत होती. मग तर सवालच मिटला, असं मोतीरामचं मत पडलं. संत्रं आधी हिरवं असतं, मग पिवळसर होतं, मग रंगावर येतं. हे पाण्यासारखं होतं म्हणजे कच्चं होतं. कच्चा माल मंडीत नेला तर व्यापारी ढुंकून बघत नाही, आणि हा गडी तो इतके दिवस गालाला चोळत होता.

"आता लावू नको," त्यानं निकाल दिला. "राहू दे उन्हात. पुरा रंग चढला का मंग लावजो."

संत्र्याच्या मुलखात जन्मलेल्या त्या दोघांना यात काही चूक दिसण्याचं कारण नव्हतं. गुणवंतानं बाटली परत मारुतीपाशी ठेवली, आणि ऊन जास्त लागावं म्हणून काचेकडे थोडी सरकवली.

गुणवंताचा चेहरा दोन रंगांचा होता. पांढुर्णा ते सौंसर आणि सौंसर ते पांढुर्णा अशी गाडी हाकण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे, आणि सकाळी सौंसरकडे जाताना ऊनही उजवीकडूनच येतं. त्यामुळे त्याचा उजवा गाल, उजवा कान आणि कोपरापर्यंतचा उजवा हात काळवंडून राठ झाला होता. डोळ्याखाली वांगाचे मोठे डाग पडले होते. डावा गाल मात्र घरात बसून पेन्शन खाणाऱ्या माणसाचा वाटायचा. त्याची बायको कमल म्हणायची, डावा माझा आहे, उजवा गाडीच्या मालकाचा. कमल जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. कावीळ झाली आणि आठवडाभरात सगळं संपलं. त्यानंतर गुणवंता धाकट्या भावाच्या घरात वरच्या खोलीत राहायचा, वेळेवर जेवायचा, वेळेवर गाडीवर जायचा, आणि आपले दोन गाल दोन रंगांचे आहेत हे त्याच्या ध्यानातही यायचं नाही.

ध्यानात आलं ते अनुराधाबाईंमुळे.

अनुराधाबाईंचे यजमान सौंसरला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात होते. ते गेले आणि त्यांच्या जागी बाईंना घेतलं. त्या राहायला पांढुर्ण्यात, मुलगा मयूर नोकरीला पुण्यात. रोज सकाळच्या गाडीनं त्या सौंसरला जायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायच्या. त्यांची जागा ठरलेली, पहिल्या रांगेत डावीकडे, इंजिनाच्या पेटीमागे. दुसरं कुणी बसलं असेल तर मोतीराम त्याला काहीतरी कारण काढून उठवायचा. गाडीतल्या समस्त बाया गुणवंताला भाऊ म्हणायच्या. भाऊ, जरा हळू घ्या. भाऊ, फाट्यावर उतरायचं आहे. अनुराधाबाईंनी त्याला कधी भाऊ म्हटलं नव्हतं. "ओ ड्रायव्हर साहेब" एवढंच म्हणायच्या, आणि तेही गरज पडली तरच. ही गोष्ट पहिल्याच महिन्यात मोतीरामच्या लक्षात आली होती. गुणवंताच्याही आली होती, पण त्यानं ती कुणाला सांगितली नाही.

गाडीत डोक्यावर एक लांबट आरसा असतो. मागचं दार दिसावं म्हणून तो असतो. गुणवंताच्या गाडीतला आरसा हळूहळू, म्हणजे दर महिन्याला थोडाथोडा, असा काही कलला होता की मागचं दार अर्धंच दिसायचं. मोतीराम काही बोलायचा नाही. सवारी चढली-उतरली की तो नेहमीपेक्षा जोरात शिट्टी मारायचा, एवढंच.

यंदा पोळ्याला गुणवंताची मुलगी प्रणाली नागपूरहून आली होती. ती तिथं एका मोठ्या दुकानात चेहऱ्याच्या क्रीमच्या काउंटरवर काम करते. मावशीला भेटायला म्हणून ती बापाच्या गाडीनं सौंसरला गेली, आणि योगायोगानं अनुराधाबाईंच्या शेजारी बसली. जाताना दोघी बोलल्या, येताना बोलल्या. आरसा कुठं कलला आहे तेही तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिनं बापाला सरळ विचारलं. गुणवंतानं साखर घातलेल्या चहात पुन्हा साखर घातली आणि तो चहा मुकाट्यानं प्यायला. प्रणालीला तेवढं उत्तर पुरलं. तिची आई गेल्यापासून बाप वरच्या खोलीत एकटा जेवतो, हे तिला नागपूरला बसून रोज दिसायचं आणि रोज सलायचं.

तिनं मग बाईंशी बोलणं काढलं. बाई रागावल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, दिवाळीला मयूर येतो, त्याच्याशी बोलते. त्याच्यानंतरच्या रविवारी जामसावळीला मारुतीच्या देवळात या म्हणावं, बसून बोलू. गाडीत ड्रायव्हर साहेबांचं तोंड नेहमी समोर असते.

प्रणालीनं हा निरोप जसाच्या तसा आणून दिला. गुणवंताला आनंद झाला, आणि लगेच त्याचा हात उजव्या गालावर गेला. बाई डावीकडे बसतात. इतक्या वर्षांत त्यांनी आपला डावाच गाल बघितला आहे. आता समोरासमोर बसायचं म्हणजे दुसरा गाल दिसणार. त्यांनी ज्याला होकार द्यायचं मनात आणलं तो माणूस अर्धाच होता, असं त्याला वाटलं. रात्रभर त्याच्या डोक्यात हेच होतं. सकाळी त्यानं मुलीला, तिच्याकडे न बघता विचारलं, की तिच्या दुकानात वांगावर काही मिळतं का.

प्रणाली काउंटरवर दिवसभर कॉलेजच्या पोरींना हेच सांगत असते. बापालाही तिनं तितक्याच गंभीरपणे हो म्हटलं. पुढच्या खेपेला ती दोन बाटल्या आणि एक ट्यूब घेऊन आली. सकाळी तोंड धुतल्यावर व्हिटॅमिन सीचे तीन-चार थेंब लावायचे. डाग हळूहळू फिके होतात, उन्हाशी झुंजायला कातडीला मदत होते. त्याच्यावर उन्हाचं क्रीम लावायचंच, ते नसेल तर बाकी सगळं पाण्यात. संध्याकाळी दुसऱ्या बाटलीतलं नायसिनामाइड. ते शांत असतं, चुरचुरत नाही, नवे डाग वर येऊ देत नाही. दोन्ही एकमेकांशी भांडत नाहीत, पण तुम्हाला सोपं पडावं म्हणून एक सकाळी, एक संध्याकाळी. आणि दोन्ही गालांना लावायचं. जादू होणार नाही हेही तिनं साफ सांगितलं. इतक्या वर्षांचं ऊन दोन महिन्यांत उतरत नाही, थोडा फरक पडला तर पडला. पहिली बाटली थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा असंही ती म्हणाली होती, पण गुणवंता त्या वेळी झाकणातली रबरी नळी दाबून बघण्यात गुंतला होता आणि तेवढं वाक्य निसटलं.

गुणवंतानं दोन्ही बाटल्यांना नावं दिली. सकाळची ती दिवसपाळी आणि संध्याकाळची ती रातपाळी. रातपाळी वरच्या खोलीत खिडकीच्या कोनाड्यात राहिली. दिवसपाळीची मात्र अडचण झाली. सकाळी खालच्या मोरीपाशी भाऊ, वहिनी आणि पोरंटोरं, सगळे ब्रश घेऊन उभे असतात. त्यांच्यासमोर छप्पन्न वर्षांच्या माणसानं गालाला थेंब लावायचे म्हणजे घरभर बोभाटा. म्हणून ती बाटली गाडीत गेली. सवाऱ्या यायच्या आधी, दरवाज्याच्या आरशात बघून, तो तिथंच लावायचा. तेही फक्त उजव्या गालाला. डाव्याला काही झालेलं नसताना त्याच्यावर औषध घालवायचं त्याच्या जिवावर यायचं.

मोतीरामच्या निकालानंतर दिवसपाळी बंद झाली आणि बाटली पिकत राहिली. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. दिवाळी जवळ आली तसं औषध पिवळ्याचं नारिंगी झालं आणि मग कडक चहाच्या रंगाचं. मोतीराम रोज सकाळी ते बघायचा. एके दिवशी तो म्हणाला, आता तोडणीवर आलं.

मधले दिवस वाया गेले होते, ते भरून काढायला गुणवंतानं थेंब मोजले नाहीत. तळहातावर घेऊन चोळलं. वरून उन्हाचं पांढरं क्रीम लावायचं तेवढं सोडून दिलं, कारण इतका चढलेला रंग चुन्यानं कशाला झाकायचा, असं मोतीरामनं विचारलं होतं. दोन-चार दिवसांत गालावर फरक दिसू लागला. काळ्यावर एक पिवळट झाक आली. जुना थर सुटून राहिला असावा, असं दोघे धरून चालले. रातपाळी मात्र तो इमानानं करत होता. संध्याकाळी जेवण झालं की खिडकीशी बसून, दोन बोटांनी, हळू. आपल्याच तोंडावरून आपण असा हात कधी फिरवला होता ते त्याला आठवेना. कमल आजारी असताना तिच्या कपाळावरून फिरवला होता, तेवढाच.

ठरलेल्या रविवारच्या आदल्या दिवशी प्रणाली आली. बाप जिन्यात दिसला तसं तिला हसू फुटलं. उजव्या गालावर हळद लावून धुवायची राहून गेल्यासारखा तपकिरी-पिवळा पट्टा होता, कानापासून हनुवटीपर्यंत. मग तिनं बापाचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. बाटली कुठं आहे म्हणून विचारलं. बाटली गाडीतून आणण्यात आली.

"बाबा, हे खराब झालं," ती म्हणाली. "उन्हात ठेवलं होतं का?"

"पिकाले ठेवलं होतं," गुणवंता म्हणाला. "मोतीराम म्हणे, रंग चढला का ताकद येते."

"हे पिकत नसते, बाबा. हे मरते. मेल्यावर असा रंग येते अन् तोच कातडीले लागते."

गुणवंतानं साबण लावून गाल धुतला. मग बेसन लावून धुतला. रंग जिथल्या तिथं होता. प्रणाली म्हणाली, घासू नका, चार-आठ दिवसांत आपोआप जाईल. पण चार-आठ दिवस कुणाकडे होते? तो पलंगावर बसला आणि म्हणाला, बाईले फोन करून सांग, बाबाले ताप आहे. त्याला स्वतःची लाज वाटत होती. या वयात आपण नवरदेव व्हायला निघालो, नटलो, आणि देवानं भर रस्त्यात तोंडाला रंग फासला, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं ते मुलीला बोलूनही दाखवलं.

प्रणालीनं फोन केला नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. त्या बाईनं आपल्या तरण्या पोराला बसवून ही गोष्ट सांगितली असेल. त्यापुढे गालाचा रंग म्हणजे काय? आणि आज ताप सांगितला तर ती पुन्हा विचारायला यायची नाही. तिलाही मान आहे.

"जा तुमी," ती म्हणाली. "पायजे तं दुपट्टा बांधून जा."

हे ती रागानं बोलली होती. गुणवंतानं मात्र ते मनावर घेतलं.

रविवारी जामसावळीला नेहमीप्रमाणे गर्दी होती. नारळाची, फुलांची, प्रसादाची दुकानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लागली होती. गुणवंता या फाट्यावरून रोज जायचा. फाटा आला की ड्रायव्हरनं हॉर्न द्यायचा आणि सगळ्या गाडीनं बसल्या जागी हात जोडायचे, असा या रस्त्याचा रिवाजच आहे. पण गाडी सोडून आत यायला त्याला क्वचितच सवड मिळायची. दर्शन घेऊन तो चहाच्या टपरीपाशी आला आणि चिंचेखालच्या बाकाचं उजवं टोक त्यानं पकडलं. म्हणजे दुसरं माणूस बसलं तर डावीकडेच बसणार. पांढरा दुपट्टा त्यानं हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारून बांधला होता, आणि उजवा गाल पुरता झाकला होता.

अनुराधाबाई आल्या त्या मोरपंखी साडीत, हातात प्रसादाची पुडी घेऊन. दाढ दुखते का म्हणून त्यांनी विचारलं. गुणवंतानं हो म्हणून मान हलवली. त्या बाकावर डावीकडे बसल्या, चहा सांगितला, आणि प्रसादाचे फुटाणे त्याच्या हातावर ठेवले.

मग त्या बोलू लागल्या. मयूरबद्दल बोलल्या. तो पुण्याला बोलावतो, पण तिथल्या घरात सकाळी आठला कुलूप लागतं ते रात्रीच उघडतं. मग दिवसभर आपण काय भिंतींशी बोलायचं? ऑफिसबद्दल बोलल्या. संध्याकाळी गाडीतून उतरून घराकडे जाताना पाय जड होतात, हेही त्यांनी सांगितलं. एकट्यासाठी कणीक मळायची म्हणजे जिवावर येतं; कधीकधी सकाळचंच उरलेलं खाऊन त्या दिवा मालवतात. गुणवंता रस्त्याकडे बघत ऐकत होता. यातली एकेक गोष्ट त्याला आपल्या वरच्या खोलीतली वाटत होती, आणि तसं सांगावं असंही वाटत होतं. पण दुपट्टा बांधलेल्या तोंडानं ते सांगवेना. ऐकता ऐकता त्यानं हातावरचे फुटाणे संपवत आणले.

"दाढ बरी झाली वाटते," बाई म्हणाल्या. "उजव्याच बाजूनं चावून राहिले तुमी."

गुणवंताचा हात थांबला. आता खोटं वाढवण्यात अर्थ नव्हता. त्यानं गाठ सोडली आणि दुपट्टा मांडीवर ठेवला. मान मात्र वळवली नाही. बाईच उठल्या, बाकाला वळसा घालून त्याच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो गाल नीट बघितला.

हे काय लावलं म्हणून त्यांनी विचारलं. मग गुणवंतानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. दिवसपाळी, रातपाळी, मारुतीपाशी ठेवलेली बाटली, तोडणीवर आलेलं औषध. मोतीरामच्या निकालापर्यंत बाईंनी कसंबसं धरून ठेवलं होतं. तिथं मात्र त्यांना हसू अनावर झालं. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की टपरीवाला वळून बघू लागला. त्यांना हसताना बघून गुणवंताही हसला. कमल गेल्यापासून तो असा मोकळा हसला नव्हता.

हसू ओसरल्यावर त्यानं खरी गोष्ट सांगितली. "तुमी रोज डावीकडून बसता. हा गाल तुमाले कधी दिसलाच नाई. म्हून म्हटलं, पाह्यच्या आधी जरा सुधरवून घ्यावा."

बाई परत आपल्या जागी बाकावर बसल्या.

"तुमच्या डोक्यावर तो आरसा आहे नं," त्या म्हणाल्या. "त्यातून मी तुमाले दिसते. मंग तुमी मले दिसत नसान का?"

गुणवंतानं मनातल्या मनात तो आरसा पुन्हा लावून बघितला. इतकी वर्षं गाडी हाकून ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. आपण बघतो हे कुणाला माहीत नाही, अशा समजुतीत तो निर्धास्त होता. आणि मागे बसून त्या बाईला सगळं दिसत होतं. उजवा गाल दिसत होता, तो कुठं बघतोय तेही दिसत होतं. तरी तिनं जागा बदलली नव्हती.

"कमलबाई गेल्यावर तुमी पह्यल्यांदा गाडीवर आले, त्या दिवशीबी मी पाहून राहिली होती," बाई पुढे म्हणाल्या. आवाज अगदी हळू झाला होता. "डोळे वाहत होते तुमचे. गाडीतल्या लोकाईले दिसू नाई म्हून डावा गाल बाहीनं पुसत होते. हा उजवा तसाच ओला. फाटा आला, तं तुमी हॉर्न द्यायचा विसरले. कोनी हात जोडले नाईत त्या दिवशी. मी जोडले. तुमच्यासाठी जोडले."

गुणवंताला तो दिवस आठवत होता. खिडकीतून वारा येतो, आपोआप सुकेल, म्हणून त्यानं उजवा गाल पुसला नव्हता. ते कुणी बघितलं असेल असं त्याला आजवर वाटलं नव्हतं. आपण एकटेच रडलो या समजुतीत त्यानं ही सगळी वर्षं काढली होती.  त्यानं फक्त मान वळवली आणि पहिल्यांदाच, मधे आरसा नसताना, बाईंकडे पूर्ण बघितलं. बाईंचे डोळे भरले होते. त्यांच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि ते आरशात कधी दिसले नव्हते.

चहा पुन्हा सांगितला गेला. या वेळी तो दोघांनी सावकाश प्यायला.

परतायला त्यांनी फाट्यावर दुपारची पांढुर्णा गाडी धरली. गाडी दुसऱ्या मालकाची होती, ड्रायव्हर ओळखीचा होता. त्यानं गुणवंताला बघून भुवया उंचावल्या आणि मग पुढे बघू लागला. डावीकडे दोघांचं एक बाकडं मोकळं होतं. या रस्त्यावर सवारी म्हणून बसायची वेळ गुणवंतावर फारशी आली नव्हती, त्यामुळे तो थोडा गोंधळला. बाईंना खिडकीची जागा द्यावी म्हणून तो बाजूला सरकला. त्यात रीत होती, आणि सवयीनं थोडा हिशोबही होता. त्या खिडकीशी बसल्या तर त्याच्या डावीकडे येणार होत्या.

बाई बसल्या नाहीत. "तुमी सरका आत," त्या म्हणाल्या.

तो खिडकीशी बसला. बाई त्याच्या उजवीकडे बसल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुटली. फाट्यावर ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि दोघांनीही हात जोडले.  दोन्ही बाजूंना तोडणी चाललेल्या बागा मागे जात होत्या.

"मयूरले मी दिवाळीलेच सांगून टाकलं," बाई म्हणाल्या. "तो हो म्हणे. मीच म्हटलं, एकदा समोर बसून पाह्यते."

"मंग?" गुणवंतानं विचारलं.

"मंग काय. पाह्यलं नं."

त्याचा तो काळा, पिवळा, वांगाचा गाल त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि त्या तिकडेच बघत होत्या. गुणवंतानं दुपट्टा घडी करून खिशात ठेवला. गाडी पश्चिमेकडे चालली होती. उतरतं ऊन डावीकडच्या खिडकीतून आत आलं आणि त्याच्या डाव्या गालावर पडलं. खिडकीला पडदा होता, हात लांबवला असता तर ओढता आला असता. तो तसाच बसून राहिला.